जूनचा मृग जानेवारीत दिसतो



कांद्याच्या पाण्याची नोंद या वेळी राहिली, ती पुढच्या आठवड्यात टाकतो. आजची नोंद आभाळाची आहे. शेतीच्या पानावर तारे कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्याइतकी ताऱ्यांची नावं रोज तोंडात घेणारा दुसरा धंदा नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. शाळेत न गेलेली आपली आजीसुद्धा ही बारा एका दमात म्हणायची. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्ती. नावं आपण सगळे घेतो. पण रात्री बांधावर उभं करून कुणी म्हणलं, की यातलं एक नक्षत्र बोट करून दाखव, तर आपल्यातले बहुतेक जण खिशातला मोबाईल काढतील.

मला यातलं एक येत होतं, ते म्हणजे मृग. थंडीत रात्रीचं दारं धरायला गेलं की वडील वर बोट करून दाखवायचे. ते चार कोपऱ्याचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटात घुसलेले एका ओळीतले तीन म्हणजे बाण, तिकांडं. आणि खाली डावीकडं लखलखतोय तो व्याध, बाण मारणारा. तिकांडं कुठवर कललं त्यावरून रात्र किती राहिली ते त्यांना कळायचं. घड्याळ घरात होतं, पण शेतात हेच.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात होता. मृग तर जूनमध्ये लागतो. ७-८ जूनला आपण म्हणतो मृग निघाला, आता पेरणीची तयारी. मग जूनमध्ये आभाळ मोकळं असलं तरी रात्रभर तिकांडं कुठंच का दिसत नाही? आणि ज्या पौष-माघात मृगाचा आणि पेरणीचा काही संबंध नाही, तेव्हा ते ऐन डोक्यावर का येतं? वडिलांना विचारलं तर ते म्हणायचे, देवाची माया. भटजींना विचारलं तर पंचांग उघडून वाहन सांगायचे, कोल्हा का बेडूक.

उत्तर मिळालं २०२५ साली, सोमवारी २७ जानेवारीला, माझ्याच घराच्या स्लॅबवर.

माझा एक वर्गमित्र आहे. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी शेतीत राहिलो, तो डीएड करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला. गावात त्याला सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. आता रिटायर झालाय. बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्याला एका शिबिरात जाऊन त्यानं शाळेसाठी दुर्बीण बनवली होती. शाळा बदलत गेल्या, दुर्बीण त्याच्यासोबत फिरत राहिली.

ही दुर्बीण बघाल तर हसाल. तिचं नळकांडं म्हणजे आठ इंची पीव्हीसी पाईप. माझ्या विहिरीवरून लाईन टाकली तेव्हा चार फुटांचा तुकडा उरला होता, तोच त्यानं नेला. खाली प्लायवूडचं खोकं, त्यावर पाईप तोफेसारखा फिरतो आणि वर-खाली होतो. सगळा जीव आहे तळाच्या आरशात. सहा इंचाचा आरसा, आणि तो त्यानं हातानं घासलाय. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, मधे पाणी आणि खरखरीत पूड टाकायची आणि वरची खालचीवर घासत राहायची. घासता घासता वरची आपोआप खोलगट होते, खालची फुगीर. मग बारीक पूड, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिश. माणसाच्या केसाच्या जाडीचे चारशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी चूकसुद्धा आरशाला चालत नाही. एवढं बारीक काम हातानं होतं यावर माझा विश्वास बसत नव्हता. पण होतं. नंतर त्यावर मशिनमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवून आणतात, की झाला आरसा.

सोमवारी दुपारी तो ही दुर्बीण पिकअपमध्ये टाकून माझ्याकडं आला आणि म्हणाला, "ही तुझ्याकडं ठेव. मला आता उपयोग नाही."

कारण सांगतो. त्याला साखर आहे, पंधरा वर्षांपासून. गोळ्या चालू होत्या, पण डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचं राहत गेलं. शाळा, इलेक्शन ड्युटी, पोरीचं लग्न, असं करत करत. गेल्या वर्षी पडद्याला मधोमध सूज आली. डोळ्यात इंजेक्शनं झाली, अजून चालू आहेत. आता बाजूचं दिसतं आणि समोरचं पुसट होतं. माणूस ओळखायचा असला की तो मान थोडी तिरकी करतो. पेपर वाचता येत नाही. आठ महिने दुर्बिणीला डोळा लावला नव्हता.

मी म्हणलं, "ठेवतो. पण मला चालवता येत नाही. आजच्या रात्री थांब आणि शिकव." त्या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट होती, साडेदहाला येणार. तोपर्यंत मी मोकळाच. तो थांबला.

जागा निवडली स्लॅबची. शेतात अंधार जास्त, पण आमचा हा जुन्नरचा पट्टा, चहूकडं ऊस आणि उसात बिबट्या. अंधारात पाठ करून एका डोळ्यानं वर बघत बसायचं म्हणजे त्याला आमंत्रण. अमावास्या दोन दिवसांवर होती, त्यामुळं संध्याकाळी चंद्र नव्हता. कारभारणीला सांगून घरातले वरचे दिवे बंद केले. बॅटरीच्या काचेवर मास्तरनं लाल कापड बांधायला लावलं. अंधाराला डोळा सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप आली की सगळं पहिल्यापासून. लाल उजेडानं तेवढं बिघडत नाही.

सात वाजता पश्चिमेला शुक्र. त्याला सगळेच ओळखतात. पहाटे दिसला की शुक्राची चांदणी, तिच्यावर आपली जुनी माणसं मोट जुंपायची. दुर्बिणीतून बघितलं तर तो गोल नव्हता. अर्ध्या चंद्राहून थोडा कमी, कोयत्याच्या पात्यासारखा. मास्तर म्हणाला, शुक्र सूर्याभोवती आपल्या आतल्या बाजूनं फिरतो, म्हणून त्याच्या कला दिसतात. चारशे वर्षांपूर्वी गॅलिलिओनं हेच बघितलं आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरतो हे म्हणणं अडचणीत आलं.

शुक्राच्या खाली शनी. साधा पिवळट तारा, कुणी बघणारसुद्धा नाही. दुर्बीण त्यानं हातानं चाचपून वळवली, पण नेम धरायची वेळ आली तेव्हा छोट्या दुर्बिणीत त्याला काही दिसेना. मला म्हणाला, "तू लाव." मी लावला. जमायला पाच मिनिटं गेली.

"काय दिसतंय?"

"गोल आहे. पिवळा. आणि मधून आरपार सुई घातल्यासारखी रेघ."

"दोन्ही बाजूला सारखी?"

"सारखी."

"थरथरतीय?"

"पाण्याच्या तळाचा खडा हलावा तशी."

"स्लॅब तापलाय दिवसभराचा. गरम हवा वर येतीय. रात्र चढंल तसं थांबंल."

मी म्हणलं, चित्रात तर शनीची कडी परातीएवढी दाखवतात, ही सुई कशी? तेव्हा त्यानं सांगितलं. कडी कललेली आहेत. शनी सूर्याभोवती एक फेरा साडेएकोणतीस वर्षांत करतो, आणि त्यात दोनदा कडी आपल्याला काठावरून दिसतात. ताट डोळ्याच्या पातळीला आडवं धरलं की नुसती कड दिसते, तसं. २००९ साली असं झालं होतं, मार्च २०२५ मध्ये परत होणार होतं. त्यानंतर कडी उघडत जातील आणि २०३२ च्या सुमाराला पूर्ण उघडलेली दिसतील.

मग तो स्वतः डोळा लावून बराच वेळ वाकून राहिला. उठला आणि म्हणाला, "मला मधे डाग दिसतो. शनी त्या डागाच्या मागं असंल." एवढंच म्हणाला आणि स्टुलावर बसला.

तुम्हाला माहीत असेल, आमच्या तालुक्यात खोडदला जगातली एक मोठी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, चौदा मधल्या चौकात जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, काही तर शेताच्या बांधाला लागून. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. तारेच्या जाळीच्या तबकड्या आहेत, वारा आरपार जातो म्हणून एवढ्या मोठ्या असून हलक्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला ती लोकांना बघायला मिळते, पोरांना घेऊन जरूर जा. लहानपणापासून आम्हाला वाटायचं तिथं डोळा लावून बघत असतील. तर तसं नाही. ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते. तिला अंधार नको, दिवसासुद्धा काम करते. तिला मोबाईल, ठिणग्या असल्या गोंधळापासून शांतता लागते.

मास्तर स्टुलावर बसून हेच सांगत होता आणि मधेच हसला. म्हणाला, "खोडदची दुर्बीण बघत नाही, ऐकते. आता मी पण खोडदचाच. तू बघून सांग, मी ऐकतो."

मग तसंच चालू झालं. मी बघायचं आणि सांगायचं, त्यानं विचारायचं. खरं सांगतो, तो विचारत होता म्हणून मला दिसत होतं. एकटा असतो तर मी "भारी आहे" म्हणून डोळा काढला असता. गुरूवर पट्टे किती? दोन. कुठल्या रंगाचे? ओल्या मातीचे. बाजूचे ठिपके एका ओळीत आहेत का वाकडे? ओळीत. ते गुरूचे चंद्र. तेवढ्यात कारभारीण चहा घेऊन वर आली. तिला बघायला दिलं तर म्हणाली, "कोंबडीमागं पिल्लं चाललीत." ती बघत असतानाच गुरू भिंगाच्या काठाला जाऊन निसटला. मला वाटलं धक्का लागला. मास्तर म्हणाला, धक्का नाही, ही पृथ्वी फिरतीय. जास्त ताकदीचं भिंग लावलं की दीड-दोन मिनिटांत तारा निघून जातो, परत पाईप हातानं ढकलावा लागतो. पृथ्वी फिरते हे तिसरी-चौथीत वाचलेलं, पण सरकताना बघितलं ते आता, साठीला आल्यावर.

गुरू त्या वर्षी रोहिणीच्या डोक्यावर होता. रोहिणी म्हणजे तो तांबूस तारा. त्याच्या पश्चिमेला कृत्तिकांचा पुंजका. साध्या डोळ्याला सहा-सात दिसतात, दुर्बिणीत कमी ताकदीच्या भिंगातून बघितलं तर डोरलं तुटून मणी सांडावेत तसे भरून आले. मास्तर म्हणाला, त्यांचा उजेड निघाल्याला साधारण ४४० वर्षं झाली. म्हणजे आत्ता जो उजेड माझ्या डोळ्यात शिरला तो निघाला तेव्हा आमच्या शिवनेरीवर शिवराय जन्माला यायला अजून चाळीस-पंचेचाळीस वर्षं होती. किल्ला समोरच्या अंगाला काळा दिसत होता. कारभारीण काही बोलली नाही, कप घेऊन खाली गेली आणि थोड्या वेळानं सुनेला घेऊन परत आली.

आता मृगाचं.

साडेनऊच्या सुमाराला मृग बरोबर दक्षिणेला वर आला होता. मी माझा जुना प्रश्न काढला. मास्तर म्हणाला, "तुला खळं आठवतंय?" आठवायला काय झालं. मधे तिवडा रोवलेला, त्याला बैल बांधलेले, गोल गोल फिरतायत, पायाखाली कणसं. तो म्हणाला, तिवड्याच्या जागी सूर्य ठेव, तिवड्यावर मोठा हजाराचा बल्ब लावला समज. फिरणारा बैल म्हणजे आपली पृथ्वी. आणि खळ्याच्या भोवती दूरवर झाडं आहेत. एक लिंब, एक चिंच, एक आंबा, एक बाभूळ. ती झाडं म्हणजे नक्षत्रं.

"बैल खळ्याच्या एका अंगाला आहे. तो तिवड्याकडं बघतोय आणि तिवड्याच्या सरळ पलीकडं लिंब आहे. लिंब त्याला दिसंल का?"

"बल्बमुळं डोळे दिपतील. नाही दिसायचा."

"मग आपण म्हणायचं, सूर्य लिंबात आला. लिंब लागला. आता बैल अर्धा फेरा मारून पलीकडं गेला. लिंब कुठं?"

"त्याच्या पाठीमागं."

"पाठीमागं म्हणजे बल्बाच्या उलट्या बाजूला, अंधारात. तिकडं तोंड केलं की लिंब स्वच्छ दिसतो. तीच रात्र."

झालं. एवढंच आहे ते. मृग लागला म्हणजे सूर्य मृगात आला. तेव्हा मृगाचे तारे सूर्याच्या सोबत उगवतात आणि सूर्याच्या सोबत मावळतात, दिवसभर डोक्यावर असतात आणि उजेडात दिसत नाहीत. बरोबर सहा महिन्यांनी, डिसेंबर-जानेवारीत, आपण खळ्याच्या दुसऱ्या अंगाला येतो आणि मृग रात्री डोक्यावर येतो. सूर्याला २७ नक्षत्रांतून फिरायला एक वर्ष लागतं, म्हणजे एका नक्षत्राच्या वाट्याला तेरा-चौदा दिवस. आपल्या पंचांगातले तेरा-चौदा दिवस ते हेच. मग आपल्या जुन्या माणसांनी न दिसणारं नक्षत्र ओळखलं कसं? पहाटे सूर्य उगवायच्या आधी पूर्वेला शेवटचं कुठलं नक्षत्र दिसतंय ते बघून. त्याच्या पुढचं सूर्याजवळ असणार. मोबाईल नाही, कॅलेंडर नाही, नुसतं पहाटे उठून बघणं.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली, ती पेरणीच्या कामाची आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो. त्यामुळं ऋतू आणि नक्षत्रं यांचा मेळ साधारण ७२ वर्षांत एक दिवस सरकतो. ज्ञानेश्वर माउलींच्या काळापासून आजपर्यंत दहा दिवसांचा फरक पडलाय. तेव्हा नक्षत्र पाऊस पाडत नाही. नक्षत्र ही तारखेची खूण आहे, वावरातल्या दगडासारखी. मी वाहन बघून पेरणी करत नाही, अंगणात पर्जन्यमापक ठेवलाय. कृषी विभाग सांगतो तसा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढत नाही. पण मृगाचं नाव मी सोडणार नाही. ते नाव म्हणजे हजारो वर्षं पहाटे उठून बघणाऱ्या माणसांची नोंदवही आहे.

शेवटी तिकांड्याच्या खाली बघायला सांगितलं. तीन ताऱ्यांच्या खाली हरणाच्या पोटातून रक्त ठिबकावं तसे अजून बारीक तीन आहेत, त्यातला मधला जरा धुरकट दिसतो. दुर्बीण तिथं लावली. मला मधे चार तारे दाटीवाटीनं दिसले आणि भोवती थोडासा धूसरपणा. मी तसं सांगितलं.

"सरळ रोखू नको. नजर जरा बाजूच्या ताऱ्यावर ठेव, पण लक्ष याच्याकडं."

तसं केलं आणि एकदम पसरलं. सकाळी हरभऱ्यावर धुकं उतरतं ना, तसं, दोन्ही अंगाला पंख काढलेलं. तो म्हणाला, डोळ्याचा मधला भाग बारीक आणि उजळ बघायला चांगला, पण मंद उजेड पकडायला पडद्याची कडेची बाजू चांगली. आकाश बघणारे सगळे अशीच तिरकी नजर वापरतात. हा ढग वायूचा आहे, त्यात नवे तारे तयार होतायत. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी निघालेला हा उजेड, तेव्हा आपल्याकडं बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

हे सांगता सांगता तो गप्प झाला. मलाही तेव्हाच सुचलं. मी बाजूला झालो.

तो वाकला. डोळा लावला, मान तिरकी केली, जशी माणूस ओळखायला करतो तशीच. किती वेळ गेला सांगता येत नाही. पाईप सरकवायची वेळ आली तेव्हा त्यानं माझ्या मदतीशिवाय हातानं ढकलला. परत थांबला. मग वाकूनच म्हणाला, "गड्या, हे मला दिसतंय. हे पहिल्यासारखंच दिसतंय."

शनी गेला, गुरूचे पट्टे गेले, पेपर गेला. पण मंद उजेड बघायला जी कड लागते ती त्याची शाबूत आहे. डॉक्टरनं त्याला काय राहिलंय ते सांगितलं असेलही, पण काय गेलं तेच त्यानं ऐकलं असणार. त्या रात्री त्याला राहिलेलं सापडलं.

सव्वादहाला त्यानं दुर्बिणीवर पोतं टाकलं. मी विचारलं, पिकअपमध्ये ठेवायची का परत? म्हणाला, राहू दे इथंच, तुझा स्लॅब चांगला आहे, दर अमावास्येला मीच येत जाईन. साडेदहाला लाईट आली, मोटार टाकली आणि मी कांद्याला पाणी द्यायला निघालो. तो बांधापर्यंत सोबत आला, हातात काठी आणि बॅटरी. दोघं असलं की बिबट्याची भीती निम्मी होते.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी लिहितो.

एक. दुर्बीण नसली तरी चालतं. जानेवारीत रात्री आठ-नऊला अंगणात दक्षिणेकडं तोंड करा. तीन तारे एका ओळीत दिसतील ते तिकांडं. ती ओळ डाव्या हाताला खाली वाढवली की सगळ्यात तेजस्वी तारा, तो व्याध. तीच ओळ उजव्या हाताला वर वाढवली की तांबूस रोहिणी, तशीच पुढं गेलं की कृत्तिका. २०२५ च्या जानेवारीत रोहिणीजवळचा मोठा पांढरा तो गुरू होता. पूर्वेला वर दोन जोडतारे आहेत ते पुनर्वसू, त्यांच्याजवळ तेव्हा लालभडक मंगळ होता. एका रात्रीत पेरणीतली तीन नावं ओळखता आली: रोहिणी, मृग, पुनर्वसू. मृगाच्या चार कोपऱ्यांपैकी वरच्या डाव्या कोपऱ्याचा तांबडा तारा, त्याला काक्षी म्हणतात, पुष्कळ लोक त्यालाच आर्द्रा धरतात. म्हणजे चार झाली.

दोन. गोठ्याच्या दिव्याचं. बिबट्याच्या भागात अंधारात राहा असं मी कुणाला सांगणार नाही. दिवा लागतोच. पण आपला हॅलोजन निम्मा उजेड आभाळात फेकतो, तिथं काय बिबट्या येतोय का? मी दुसऱ्या दिवशी तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आडवा कापून गोठ्याच्या दिव्यावर टोपीसारखा बसवला. उजेड सगळा खाली, जनावरांवर आणि दारात पडतो, पहिल्यापेक्षा जास्त स्वच्छ दिसतं. डोळ्यावर येत नाही म्हणून कुंपणापलीकडचंही दिसतं. शिवाय किडे ओढायला आपण टोमॅटोत प्रकाश सापळा लावतो. मग घरावर रात्रभर उघडा हॅलोजन लावणं म्हणजे दारात सापळा लावण्यासारखंच. शेजाऱ्यानं बघितलं, त्यानंही डबा मागितलाय.

तीन. ज्यांना साखर आहे त्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या. नंबर तपासणं वेगळं आणि पडदा तपासणं वेगळं. डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करून आत बघतात. दुखत नाही, दोन-चार तास अंधुक दिसतं एवढंच, म्हणून गाडी चालवायला कुणीतरी सोबत न्या. पडदा बिघडायला लागला तरी सुरुवातीला आपल्याला काही कळत नाही, हेच त्यातलं वाईट. ऊस तुटला की, कांदा निघाला की, असं करू नका. मास्तरनं हे लिहायला मुद्दाम सांगितलंय.

चार. घरातलं म्हातारं माणूस असेल तर त्याला ताऱ्यांची नावं विचारून ठेवा. आमच्याकडं सप्तर्षींना म्हातारीची बाज म्हणायचे, बाजेचे चार पाय आणि ती पळवायला आलेले तीन चोर मागं. तुमच्या भागात काय म्हणतात ते कळवा, मी मास्तरला वाचून दाखवीन.

आणि येत्या जूनमध्ये मृग लागला असं कुणी म्हणलं, की दुपारी बारा वाजता पेरणीच्या रानात उभं राहून आठवा. वर थेट बघू नका, डोळे जातील. पण तिकांडं तिथंच आहे, सूर्याच्या शेजारी, भर उन्हात. दिसत नाही, पण आहे.